गोठण-वितळण आणि संस्कारित टाकाऊ चिखलाचे सामर्थ्य

उंच इमारतीचा पाया घेताना, नदीखालून बोगदा काढताना किंवा तेलविहीर खोदताना जमिनीतून जो पातळ चिखल वर येतो, त्याचे काय करावयाचे हा स्थापत्य अभियंत्यापुढील एक जुना प्रश्न आहे. मुंबईसारख्या शहरात खोल पायाचे काम ज्याने पाहिले आहे, त्याला बेंटोनाइटचा करडा काला परिचित असेल. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून तो खड्ड्यात भरतात, आणि काम संपताच तोच काला, त्यात कालवल्या गेलेल्या मातीसह, टाकाऊ ठरतो. जपानात अशा चिखलाची व्याख्या मोठ्या व्यावहारिक दृष्टीने केलेली आहे. जो चिखल मालमोटारीत रास करून भरता येत नाही आणि ज्यावरून माणसास चालता येत नाही, तो टाकाऊ चिखल. आकड्यांत सांगावयाचे तर ज्याचा शंकू-निर्देशांक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोन्यूटनांहून कमी, किंवा ज्याचे दाबसामर्थ्य सुमारे ५० किलोन्यूटनांहून कमी आहे, असा चिखल. (ठराविक मापाचा शंकू मातीत रुतविण्यास लागणाऱ्या दाबास शंकू-निर्देशांक म्हणतात.) तेथील १९७० च्या कायद्यान्वये असा चिखल औद्योगिक कचऱ्यात मोडतो. उलटपक्षी संस्काराने त्याचा निर्देशांक २०० च्या वर नेला तर तो बांधकामाची माती म्हणून वापरावयाच्या प्रतींत बसू लागतो, आणि ४०० किंवा ८०० च्या वर गेल्यास त्याची प्रत आणखी वाढते. कचरा आणि माल यांमधील ही सीमारेषा म्हणजे केवळ सामर्थ्याची सीमारेषा होय.

संस्कार बहुधा सिमेंटाचा किंवा चुन्याचा असतो. मिश्रण काही दिवस मुरू दिले की चिखल घट्ट होतो, त्याचे नमुने दाबून पाहिले जातात, आकडा पुरेसा आला की माल भरावात किंवा बांधात जातो. परंतु जपानच्या उत्तर भागात, कॅनडात किंवा आपल्या लडाखात या भरावावरून हिवाळा जावयाचा असतो. प्रयोगशाळेत मिळविलेले सामर्थ्य पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या हिवाळ्यानंतर किती उरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर एका दृष्टीने चमत्कारिक आहे. जो गारठा कच्च्या चिखलाला घट्ट करतो, तोच संस्कारित चिखलाला सैल करतो. हे दोन्ही परिणाम एकाच क्रियेचे आहेत, आणि ती क्रिया नीट समजल्याखेरीज संस्काराचे प्रमाण ठरविणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

प्रथम थोडा हिशेब करू. समजा, चिखलात पाण्याचे आणि कोरड्या मातीचे वजन समसमान आहे; टाकाऊ चिखलाच्या बाबतीत हे मुळीच असामान्य नाही. मातीच्या कणांची सापेक्ष घनता २.६५ धरली तर अशा एका घनमीटर चिखलात सुमारे ७२५ किलो माती व तितकेच पाणी असते. यात १०० किलो सिमेंट घातले, तर पाणी व सिमेंट यांचे गुणोत्तर सातांहून अधिक होते. चांगल्या काँक्रीटमध्ये ते अर्ध्याच्या आसपास असते, हे विद्यार्थ्यांनी येथे आठवावे. सिमेंट स्वतःच्या वजनाच्या फार तर चार-दशांश पाणी रासायनिक रीतीने व आपल्या सूक्ष्म जेलमध्ये बांधून ठेवू शकते. म्हणजे ७२५ पैकी ४० किलो पाण्याची सोय लागली. उरलेले जवळजवळ ६८० किलो पाणी मातीच्या रंध्रांत तसेच आहे. मिश्रण हाताला कोरडे व टणक लागते हे खरे, परंतु वस्तुतः तो पाण्याने भरलेला स्पंज असून सिमेंटाने त्याच्या भिंतींना केवळ बारीक टाके घातलेले असतात. संस्कारित चिखलाविषयी पुढे जे काही सांगावयाचे आहे त्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. वरील ६८० किलो पाणी सर्वच्या सर्व गोठले तर एका घनमीटरमागे साठाहून अधिक लिटर जागा नव्याने लागेल. रंध्रे पूर्ण भरलेली नसतील, म्हणजे त्यांतील सुमारे दहावा हिस्सा हवेने व्यापलेला असेल, तर ही वाढ आत सामावते. काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे सोडतात ते याच हेतूने. गोठणाऱ्या रंध्रातून बाहेर रेटल्या जाणाऱ्या पाण्याचा दाब काँक्रीट फोडतो, असे स्पष्टीकरण पॉवर्स याने १९४५ मध्ये मांडले, आणि बुडबुड्यांमधील अंतर किती असावे याचा हिशेबही दिला. त्यानेच पुढे हेलमथ याच्यासह १९५३ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा विसरली जाते.

चिखलाच्या बाबतीत तर ९ टक्क्यांची ही गोष्ट निम्मीही नव्हे. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातील भूवैज्ञानिक स्टीफन टेबर याने १९२९ व १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठविली. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकुंचन पावते. तरीही माती वर उचलली गेली. याचा अर्थ असा की, माती फुगते ती मुख्यतः आतले द्रव प्रसरण पावते म्हणून नव्हे, तर खालून नवे द्रव ओढून घेतले जाते म्हणून. गोठणाऱ्या थराशी बर्फाची भिंगासारखी पातळ पटले तयार होतात आणि खालचे पाणी केशनलिकांतून त्यांच्याकडे धावते. बर्फ आणि मातीचा कण यांच्यामध्ये न गोठलेल्या पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा टिकून राहतो, व त्या वाटेने हे पाणी पटलापर्यंत पोहोचते. या ओढीचा सैद्धान्तिक आकडा ऊष्मागतिकीतून काढता येतो: शून्याखाली उतरणाऱ्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.२ मेगापास्कल. आता ज्या संस्कारित चिखलाचे दाबसामर्थ्य २०० किंवा ३०० किलोपास्कल आहे, त्याचे ताणसामर्थ्य ढोबळमानाने त्याच्या दशांशाएवढे, म्हणजे २०-३० किलोपास्कल धरावे. प्रत्यक्षात ओढ सैद्धान्तिक मर्यादेच्या लहानशा अंशाएवढीच भरली, तरी त्या टाक्यांची काय कथा!

कोणती माती अशी उचलली जाईल, यासाठी आर्थर कासाग्रांदे याने १९३१ च्या सुमारास दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे. संमिश्र कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा अधिक असतील तर ती धोक्याची समजावी. वाळूत रंध्रे मोठी, म्हणून ओढ कमी. शुद्ध चिकणमातीत ओढ पुष्कळ, परंतु पाणी इतके सावकाश वाहते की थंडीच्या मुदतीत फारसे पोहोचत नाही. दोहोंच्या मधली, पोयट्याच्या कणांची माती सर्वांत वाईट. येथे संस्काराचा एक अनपेक्षित परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. चुना किंवा सिमेंट घातल्यावर चिकणमातीचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे गुच्छ बनतात, आणि हे गुच्छ आकाराने व वागणुकीने पोयट्यासारखे असतात. पाणी त्यांतून अधिक सुलभतेने वाहते. म्हणून संस्काराचे प्रमाण अपुरे असेल तर माती उन्हाळ्यात अधिक मजबूत, पण हिवाळ्यात मूळच्यापेक्षा अधिक उचलली जाणारी, अशी विचित्र अवस्था निर्माण होऊ शकते. थोडे सिमेंट घातले तर थोडा तरी फायदा होईलच, हा समज या विषयात टिकत नाही.

सामर्थ्य मोजताना एक खबरदारी घ्यावी लागते. गोठलेल्या अवस्थेत नमुना दाबला तर तो उत्तम सामर्थ्य दाखवितो, कारण त्या वेळी बर्फच सिमेंटाचे काम करीत असतो. खरी परीक्षा वितळल्यानंतर असते. बर्फाची पटले वितळली की त्यांच्या जागी पाण्याने भरलेल्या भेगा उरतात. मधले टाके तुटलेले असतात, आणि वितळण वरून खाली होत असल्यामुळे खालचा अजून गोठलेला थर पाणी निचरू देत नाही. वसंत ऋतूत शीत देशांतील रस्त्यांवर जड वाहनांना काही आठवडे बंदी घालतात ती याच कारणास्तव. पहिल्या काही आवर्तनांत सामर्थ्याचा ऱ्हास सर्वांत जास्त होतो व पुढे त्याचा वेग मंदावतो, असे बहुतेक प्रयोगांत आढळते. ऱ्हासाबरोबर मोडण्याची तऱ्हाही बदलते. ताजा संस्कारित नमुना ठराविक भार येताच तडकन फुटतो. अनेक आवर्तने सोसलेला नमुना तसा न फुटता मऊपणे पसरत जातो, म्हणजे तो पुन्हा मातीसारखा वागू लागतो.

कच्च्या चिखलाची कथा याच्या नेमकी उलट आहे. बर्फाची पटले वाढताना मातीच्या कणांना बाजूस सारतात आणि त्यांच्यातील पाणी शोषून त्यांचे गोळे आवळतात. ज्या ओढीने संस्कारित चिखलातील टाके तुटतात, तीच ओढ येथे एखाद्या अदृश्य वजनाप्रमाणे मातीला दाबते. वितळल्यावर पाणी भेगांच्या वाटेने वेगळे होते व आवळलेले गोळे खाली बसतात. चेंबरलेन व गाऊ यांनी १९७९ मध्ये बारीक कणांच्या मातींवर हे दाखवून दिले: गोठण-वितळणानंतर रंध्रांचे एकूण प्रमाण घटले, पण उभ्या दिशेने पाणी झिरपू देण्याचा गुण, म्हणजे पार्यता, वाढली. जलशुद्धीकरणातील तुरटीचा गाळ एकदा गोठवून वितळविला की चहाच्या चोथ्यासारखा रवाळ होतो आणि पाणी सोडतो, हा अनुभव शीत देशांतील जलशुद्धीकरण केंद्रांना आहे. कॅनडातील अथाबास्का नदीच्या खोऱ्यात खनिज तेलाची वाळू धुतल्यावर उरणारा बारीक चिखल तळ्यांत वर्षानुवर्षे पातळच राहतो. वजनाने जेमतेम एक-तृतीयांश घनभाग गाठल्यावर त्याचे बसणे जवळजवळ थांबते. अल्बर्टा विद्यापीठातील सेगो, डॉसन आदी संशोधकांनी हा चिखल पातळ थरांत पसरून हिवाळ्यात गोठविण्याचे प्रयोग केले, आणि जे काम गुरुत्वाकर्षणास दशकांत साधत नाही त्याचा मोठा भाग एका हिवाळ्यात होऊ शकतो, हे त्यांवरून दिसून आले.

या दोन विरुद्ध कथांना जोडणारा धागा व्हिकलांडर याच्या १९९८ च्या निबंधात सापडतो. त्याने स्वीडनमधील, हिमनदीने आणून टाकलेल्या मातीचे सैल व घट्ट असे दोन्ही प्रकारचे नमुने वारंवार गोठविले. सैल माती घट्ट झाली, घट्ट माती सैल झाली, आणि दोन्ही रंध्रांच्या एकाच शिल्लक प्रमाणाकडे सरकल्या. संस्कारित चिखल हा व्हिकलांडरच्या वर्गीकरणात कोठे बसतो? प्रस्तुत लेखकाच्या मते तो एक फसवा पदार्थ आहे. त्याची रंध्रे सैल मातीची, पण सामर्थ्य घट्ट मातीचे. ते सामर्थ्य कणांच्या जवळिकीतून नव्हे तर केवळ टाक्यांतून आलेले. टाके तुटले म्हणजे जवळिकीचा आधार त्याच्यापाशी मुळात नसतोच. कच्चा चिखल गोठून जे मिळवितो ते कणांची जवळीक होय, आणि म्हणून ते पुढच्या हिवाळ्यात सहसा गमावले जात नाही.

मुरण्याच्या काळाचा प्रश्नही आहेच. शून्य अंशाजवळ सिमेंटाची रासायनिक क्रिया जवळजवळ थांबते. चुना व चिकणमाती यांची मंद क्रिया तर ४-५ अंशांखालीच थबकते. शरद ऋतूच्या अखेरीस घाईघाईने संस्कारिलेला चिखल टाके पडण्यापूर्वीच गोठतो. मात्र असा चिखल वसंतात पुन्हा मुरू लागतो, कारण त्यातील सिमेंट अद्याप शिल्लक असते. पूर्ण मुरल्यावर तुटलेल्या मिश्रणात ही शिल्लक तुलनेने कमी असते.

हे सर्व तपासण्याची रूढ पद्धती मातीमिश्रित सिमेंटाच्या रस्त्यांसाठी बसविली गेली. अशा रस्त्यांच्या नियोजनबद्ध बांधणीचा आरंभ १९३५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील जॉन्सनव्हिल येथे झाला. अमेरिकी मानकानुसार नमुना सात दिवस मुरवून उणे २३ अंशांखाली २४ तास ठेवतात, मग ओल्या खोलीत २१ अंशांवर २३ तास वितळवितात, आणि तारेच्या ब्रशाने घासून किती माती झडली ते मोजतात. अशी बारा आवर्तने. मातीच्या प्रकाराप्रमाणे ७ ते १४ टक्क्यांपर्यंतची घट चालते. आपल्याकडेही १९६८ च्या भारतीय मानक ४३३२ च्या चौथ्या भागात गोठण-वितळणाची चाचणी दिलेली आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील फारच थोड्या प्रयोगशाळांना कधी उपयोगी पडली असेल! महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, यापलीकडे आपल्या भूमीचा या विषयाशी संबंध नाही. पण आपले विद्यार्थी लडाखच्या रस्त्यांवर काम करावयास जातात.

ही पद्धती टाकाऊ चिखलास जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे. ब्रशाने घासून झडती मोजणे हे रस्त्याच्या टणक थरास शोभते. मऊ चिखलाच्या नमुन्याबाबत ते जवळजवळ निरर्थक आहे. दुसरा दोष अधिक खोल आहे. उणे २३ अंशांच्या पेटीत नमुना चोहोबाजूंनी झपाट्याने गोठतो, आणि पाणी खालून ओढले जाण्यास वेळच मिळत नाही. शेतात किंवा बांधात माती वरून, सावकाश, खाली भूजलाचा पुरवठा चालू असताना गोठते, आणि बर्फाच्या जाड पटलांना नेमकी तीच परिस्थिती मानवते. तेव्हा कडक दिसणारी चाचणी प्रत्यक्षात सौम्य असू शकते. तळाशी पाणी ठेवून, वरून हळूहळू थंड करून, वितळल्यानंतर दाबसामर्थ्य व पार्यता दोन्ही मोजणे, हाच खरा मार्ग आहे. तो महाग व वेळखाऊ आहे, म्हणून टाळला जातो.

पार्यतेचा उल्लेख सहेतुक केला आहे. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात सिडनी येथील पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांतून साचलेला, डांबरी द्रव्यांनी दूषित असा सुमारे ७ लाख टन गाळ २००९ ते २०१३ या काळात सिमेंटाने जागच्या जागी घट्ट करण्यात आला. अशा कामात सामर्थ्याचे महत्त्व दुय्यम. विष बाहेर झिरपू नये हे मुख्य. त्याच प्रांतातील डलहौसी विद्यापीठात क्रेग लेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमेंटाने संस्कारित मातींचा अभ्यास केला. गोठण-वितळणाने पार्यता अनेक पटींनी वाढू शकते आणि नंतर पुन्हा मुरू दिल्यास तिचा काही भाग भरून येऊ शकतो, असे त्यांना आढळले. सूक्ष्म भेगांचे जाळे नमुन्याला अद्याप उभे ठेवते, पण पाण्यास वाट देते. केवळ दाबसामर्थ्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्यास हे कळणारच नाही. सिडनीच्या गाळावर शेवटी अनेक थरांचे आच्छादन घालून वर उद्यान करण्यात आले.

आच्छादन हा या रोगावरील सर्वांत साधा उतारा आहे, आणि निसर्गात तो बर्फच पुरवितो. होक्काइदो बेटाच्या पश्चिम भागात भरपूर हिम पडते, म्हणून जमीन फारशी खोलवर गोठत नाही. पूर्वेकडील तोकाचीच्या मैदानात हिम कमी व गारठा कडक, म्हणून ती खोलवर गोठते. तेथील शेतकरी तर शेतात राहून गेलेले बटाटे पुढच्या हंगामात तण म्हणून उगवू नयेत यासाठी शेतावरील हिम मुद्दाम बाजूस सारतात, म्हणजे जमीन गोठून ते मरतात. अभियंत्याने यापासून घ्यावयाचा बोध असा की, केवळ हवेचे किमान तापमान पाहून धोका ठरत नाही. हिमाखाली झाकलेला भराव उणे २० अंशांत सुरक्षित राहील, आणि शून्याच्या आसपास रोज वरखाली होणाऱ्या उघड्या प्रदेशात त्याच भरावाचा पृष्ठभाग एका मोसमात अनेक आवर्तने सोसून भुसभुशीत होईल.

मिश्रणातच सुधारणा करण्याचे प्रयत्नही लक्षणीय आहेत. जपानमधील तोहोकू विद्यापीठात हिरोशी ताकाहाशी व मासातो मोरी यांच्या संशोधनातून चिखलात जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदाचे तुकडे, पाण्यात विरघळणारे बहुवारिक आणि सिमेंट कालविण्याची पद्धती पुढे आली. कागद मोकळे पाणी शोषतो, आणि त्याचे तंतू मातीच्या गुच्छांमध्ये अडकून राहतात. अशी माती फुटण्यापूर्वी पुष्कळ अधिक ताणली जाते, असे तिच्या चाचण्यांत दिसते. गोठण-वितळणाच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे: सिमेंटाचा टाका तुटला तरी तंतू भेगेच्या दोन्ही काठांस धरून ठेवतो. सिमेंट वाढवून टाके बळकट करण्यापेक्षा भेगेस रुंदावू न देणे हा विचार मला अधिक शहाणपणाचा वाटतो. अर्थात तंतू बर्फाच्या ओढीस थांबवीत नाहीत, आणि कागद जमिनीत किती वर्षे टिकेल ही शंका रास्तच आहे.

शीत प्रदेशात जेथे जागा व एका वर्षाची सवड आहे, तेथे क्रम उलटा करून पाहण्यासारखा आहे. चिखल आला की लगेच सिमेंट घालण्याऐवजी प्रथम तो पातळ थरांत पसरून एक हिवाळा गोठू द्यावा, वितळताच सुटलेले पाणी वाहवून द्यावे, आणि मग उन्हाळ्यात संस्कार करावा. आरंभीच्या हिशेबातील चिखलाचे अर्धे पाणी अशा रीतीने गेले असे मानू. एका घनमीटरचे सुमारे ६४० लिटर उरतील, पाणी ३६० किलोंच्या आसपास येईल, आणि तेच १०० किलो सिमेंट घातले तरी पाणी व सिमेंट यांचे गुणोत्तर सातांवरून साडेतीनांवर उतरेल. वाहून न्यावयाचा माल एक-तृतीयांशाने कमी होईल तो वेगळाच. थर किती जाड असावा हे त्या गावच्या हिवाळ्यावर अवलंबून राहील. तो इतकाच जाड हवा की तळापर्यंत गोठेल, आणि पुढील उन्हाळ्यात तळापर्यंत वितळेल. पसरण्याच्या जागेस निचरा हवा, आणि सुटणारे पाणी दूषित असेल तर ते धरून ठेवण्याची सोय हवी. शहरातील पायाच्या कामावर, जेथे मालमोटार दारात उभी असते आणि चिखल संध्याकाळपर्यंत हलवावयाचा असतो, तेथे मात्र हे शक्य नाही. तेथे तंतू, आच्छादन आणि गोठण्याच्या खोलीखालची जागा यांवरच भिस्त ठेवावी लागेल.